घोडीवरची गाडी

दिवाळीच्या आठवड्यात नांदेड-लातूरच्या गल्ल्यांमधल्या नंबरप्लेट बदलतात. एरवी तिथे एमएच २६ आणि एमएच २४ चं राज्य असतं. वसुबारसेपासून मात्र एमएच १२ आणि एमएच १४ दारोदार दिसायला लागतात. पुण्याला, पिंपरी-चिंचवडला नोकरीसाठी गेलेली मुलं गाडी घेऊन घरी आलेली असतात. तिकडे गाडीच्या वाट्याला सोसायटीतल्या दोन पिवळ्या पट्ट्यांमधली जागा येते आणि बादलीभर पाणी सांडलं तरी कमिटीचा माणूस विचारायला येतो. इथे अंगण आहे, वडिलांच्या पान्यांचा पत्र्याचा डबा आहे, चार दिवसांची सुट्टी आहे. काही कमी पडलंच तर हाकेच्या अंतरावर कुणाचं तरी गॅरेज असतं. मग वर्षभर मनात असलेलं काम बाहेर निघतं. फुटपाथला घासून अ‍ॅलॉय व्हीलच्या कडा खरवडल्या आहेत, चकाकी गेली आहे, कुठे रंगाखाली पांढरे फोड आले आहेत. चाकं उतरवायची, करून आणायची आणि पाडव्याच्या आत परत चढवायची, असा बेत ठरतो.

चाकं उतरवल्यावर गाडी कशावर उभी राहणार, हा प्रश्न बहुतेक घरांत त्याच सकाळी उपस्थित होतो आणि त्याचं उत्तर कंपाउंडच्या कोपऱ्यात आधीच रचलेलं असतं. बांधकामातून उरलेल्या विटा, दोन-चार सिमेंटचे ब्लॉक, शहाबादी फरशीचे तुकडे. कुणी शंका काढलीच तर आपल्या भागात ठेवणीतलं एक वाक्य आहे : "काही होत नसतंय." हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

लोखंडी डिस्क असेल तर काम सोपं. टायर काढायचा, गंज घासायचा, प्रायमर आणि चंदेरी रंग मारायचा आणि सुकली की चढवायची. सकाळी हात घातला तर संध्याकाळी मोकळं होता येतं. लोखंडी कपाटं आणि ऑफिसचं फर्निचर करणाऱ्या वर्कशॉपांत पावडर कोटिंगची भट्टी असते. तिथे डिस्क दिली तर रंग जास्त टिकतो. विद्युतभार दिलेली रंगाची कोरडी भुकटी धातूवर बसवायची आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटं भाजायची, अशी ती रीत. अ‍ॅलॉयचं प्रकरण निराळं. ज्या चाकाचा दर्शनी भाग कापून चकाकवलेला असतो, ज्याला दुकानदार डायमंड कट म्हणतात, त्याला खास लेथ लागतो. प्रत्येक कापणीत थोडा धातू जातो, म्हणून एकाच चाकावर हे काम पुन्हा पुन्हा करता येत नाही. अशा कामाला नांदेडकराला हैदराबाद जवळचं, लातूरकराला पुणं सवयीचं. चाकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जायची आणि तयार झाली की तशीच परत यायची. मधले तीन-चार दिवस, कधी आठवडाही, गाडी अंगणात बिनचाकांची. पंक्चरच्या वेळी गाडी जॅकवर असते दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत काही झालं नाही, हा अनुभव माणूस आठवड्याला लावतो आणि तिथेच चुकतो.

चाक उतरवून गाडी टेकूवर ठेवणं तसं आपल्याला नवीन नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. ती सैल झाली की चाक सुतार-लोहाराकडे जायचं. धाव जाळात लाल करायची, तापून फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, की ती आवळून बसायची. तोवर गाडीचा आख दगडावर नाहीतर लाकडाच्या ओंडक्यावर टेकलेला. वंगण घालतानाही असंच. धोका त्यातही होता, पण रिकामी बैलगाडी दोन-तीन गडी एका बाजूने उचलू शकत आणि मुख्य म्हणजे तिच्याखाली पाठ टेकून कुणी काम करत नसे. वॅगनआरसारखी हलकी मोटारही आठशे किलोंच्या पुढे भरते. बोलेरो दीड टनाच्या घरात जाते. वजन बदललं, अंगणातली रीत तीच राहिली.

विटांचा हिशेब कागदावर मांडला तर तो विटांच्या बाजूने लागतो, म्हणूनच तो फसवा आहे. भारतीय मानकात भाजलेल्या विटेचा सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. नऊ इंच बाय साडेचार इंचांची वीट आडवी ठेवली तर तिचं क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की एकटी वीट आठ टनांहून जास्त पेलते असं उत्तर येतं. अख्खी बोलेरो एका विटेवर ठेवा आणि वर पाहुणे बसवा! पण मोटारीचा भार विटेच्या सगळ्या अंगावर पसरत नाही. छोट्या मोटारींना खाली चेसिसची जाड चौकट नसते. दाराच्या उंबऱ्याखाली पत्र्याचे थर दाबून जोडलेली एक उभी कडा असते, तीत पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ खाचा असतात. डिकीतला जॅक लावायची जागा ती. ही कडा काही मिलिमीटर रुंद. दोन-अडीचशे किलो त्या रेषेवर उतरतात, विटेत भाजताना पडलेली एखादी भेग असतेच आणि तिथून ती दुभंगते. पोकळ सिमेंट ब्लॉक याहून वाईट, कारण त्याच्या भिंतीच इंच-दीड इंचाच्या. दोन्ही फुटतात ते न सांगता. लोखंड आधी वाकतं. लाकूड दबतं, कुरकुरतं. हात मागे घ्यायला एक क्षण तरी मिळतो. वीट तो क्षण देत नाही.

आणि उभ्या भाराखाली फुटणं हा धोक्याचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा लातूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं अंथरुणातच गेली. घरं कच्ची होती म्हणून पडली, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या तो भार बिनतक्रार जमिनीत उतरवला होता. वरून दाबणारं वजन त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. आडवा धक्का आला तेव्हा भिंतीतला आतला आणि बाहेरचा दगडांचा थर एकमेकांपासून सुटला, कारण दोहोंना धरून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण जागच्या जागी राहिले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि जिथे घरांची दुरुस्ती झाली तिथे भिंतींना आरपार बांधणी आणि काँक्रीटचे पट्टे द्यायला शिकवलं गेलं, ते या आडव्या धक्क्यासाठी.

त्या दुःखाशी अंगणातल्या मोटारीची बरोबरी कुणी करू नये. पण नुसत्या रचलेल्या वस्तूचा नियम दोन्हीकडे एकच आहे. विटांच्या चळतीवर गाडी तासन्‌तास निमूट उभी राहते आणि त्या निमूटपणाच्या भरवशावरच "काही होत नसतंय" म्हटलं जातं. मग गंजलेला नट सुटत नाही म्हणून कुणीतरी पान्याला हिसका देतं, कुणी डिकी आपटतं, कुणी गाडीला पाठ टेकून फोनवर बोलत उभं राहतं. यातलं कोणतंच बळ वरून खाली नसतं.

त्याचाही हिशेब करता येतो. चाळीस सेंटिमीटर उंच आणि वीस सेंटिमीटर रुंद पायाचा टेकू असेल, तर त्याच्यावरच्या वजनाच्या एक चतुर्थांश बळ वरच्या टोकाला आडवं लागलं की तो कलंडतो. पाया तोच ठेवून उंची निम्मी केली तर दुप्पट बळ लागतं. म्हणून टेकू गरजेपेक्षा बोटभरही उंच नको. वॅगनआरच्या मागच्या एका कोपऱ्यावर दीडशे-पावणेदोनशे किलो येतात. त्याचा चौथा हिस्सा चाळीसेक किलो, म्हणजे जोर लावून पाना ओढणाऱ्याच्या हातातलं बळ. चारही टेकू एकाच गाडीखाली असल्याने एकटा सहसा पडत नाही, हे खरं. पण चार पायांचं टेबल जसं चारही पायांवर सारखं टेकत नाही, तशी गाडीही तीन कोपऱ्यांवर जास्त आणि चौथ्यावर नावापुरती बसलेली असते. सरकतो तो हा चौथा.

गॅरेजवाल्यांकडे यासाठी घोडी असते. कुणी तिला जॅक स्टँड म्हणतात. तीन किंवा चार पायांचा पसरट लोखंडी पाया, त्यातून वर-खाली होणारा दांडा आणि गाडी बसायला वर खोलगट माथा. जॅकने उचलायचं आणि घोडीने धरायचं, अशी ही कामाची वाटणी आहे. हायड्रॉलिक जॅकमध्ये वजन तेलाच्या दाबावर तोललेलं असतं. आतलं रबरी सील झिजलं की गाडी हळूहळू उतरते, नाहीतर एकदम. डिकीतला कैची जॅक तेलावर चालत नाही, पण त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा आणि तो दिलेलाच असतो रस्त्यात टायर बदलण्यापुरता. रेल्वेच्या वर्कशॉपात डबा चार जॅकनी एकाच वेळी उचलतात आणि चाकांचा गाडा खालून काढल्यावर डबा टेकवतात तो ट्रेसल म्हणतात त्या मोठ्या घोड्यांवर. जॅकच्या भरवशावर कुणी डब्याखाली शिरत नाही. लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी उभी आहे. तिचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं आणि पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. ज्या शहराच्या वेशीवर रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे, त्या शहरात मोटार विटांवर उभी करावी, हे काही शोभत नाही.

घोडी आणली म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाची अवजारांच्या दुकानांची मोठी साखळी आहे. २०२० मध्ये तिला तीन टनी आणि सहा टनी मिळून सुमारे १७ लाख घोड्या परत मागवाव्या लागल्या. कारखान्यातले साचे झिजले होते, त्यामुळे दांड्याचे दात आणि त्यांत अडकणारा खटका यांची पकड काही घोड्यांत पुरेशी खोल बसत नव्हती. भार सरकला की दांडा खाली घसरू शकत होता. गंमत पुढेच आहे. बदली म्हणून ज्या घोड्या देऊ केल्या होत्या त्यांतल्याही काहींची वेल्डिंग सदोष निघाली आणि जुलै महिन्यात त्याही परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा खटक्याच्या घोडीपेक्षा दांड्याला आरपार भोक आणि त्यात जाड पिन अशी घोडी मला जास्त भरवशाची वाटते. खटक्याची असली तरी तिच्या दांड्यात जादाची पिन घालायची सोय आहे का ते पाहावं. घोडीवर लिहिलेले टन कधी एका नगाचे असतात, कधी जोडीचे. दुकानातच वाचून घ्यावं.

आपल्याकडे वेल्डिंगवाल्याकडून घोडी करून घ्यायचीही पद्धत आहे. त्यात वावगं काही नाही, मात्र ती खाटेच्या पातळ पाइपातून आणि चार टाक्यांवर जोडलेली नको. जोड सगळीकडून भरलेला हवा, पाया रुंद हवा, पायांखाली पट्टी हवी आणि माथ्यावर खाच हवी. सपाट पत्र्यावर गाडीची कडा घसरते.

पायाखालच्या जमिनीकडे आपण सगळ्यांत कमी पाहतो. मराठवाड्यात ती पाहायलाच हवी. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर मुरूम टाकून केलेला कोबा दोन पावसाळ्यांत कुठेतरी पोकळ होतोच. शहाबादी फरशीची तऱ्हा आणखी वेगळी. वरून ती टणक, थंड, छान दिसते, पण खालचा मसाला एकसारखा बसलेला नसेल तर मधे पोकळी राहते. नाण्याने वाजवून पाहिलं तर भद्द आवाज येतो. त्या पोकळीवर घोडीचा पाय आला की इंचभर जाडीची फरशी तडकते आणि पाय आत जातो. पेव्हर ब्लॉक एकेकटे दबतात. नांदेडच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की डांबरही मऊ पडतं, त्यात लोखंडी पाय रुततात. दिवाळीत ऊन नसतं, पण परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. रात्री एक सर आली आणि अंगणाच्या कडेची माती भिजली, की सकाळी घोडीचा एक पाय दोन बोटं खाली. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक घोडीखाली हातभर लांब-रुंद, दीड-दोन इंच जाड लाकडी फळी. सागाची, बाभळीची, जुन्या दाराची, कसलीही चालेल. किडलेली नको आणि प्लायवूडचा पातळ तुकडा नको. उताराच्या अंगणात हे काम करूच नये.

आता प्रत्यक्ष उचलणं. नट आधी सैल करायचे, टायर जमिनीवर असताना. साध्या मोटारीचा नट ८५ ते ११० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. फूटभर लांबीच्या पान्यावर तो सोडवायला तीस-पस्तीस किलोंचा जोर पुरतो, पण न्यूमॅटिक गनने आवळलेला आणि वर गंजलेला नट त्याच्या दुप्पटही मागतो. हा सगळा जोर गाडी जमिनीवर असतानाच लावून घ्यायचा. जी बाजू उचलायची नाही तिच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर मारायची. आपल्याकडे दगड लावतात, तो गोल असला तर नुसतं समाधान. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. गिअर धरतो तो इंजिनाला जोडलेल्या चाकांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. चारही चाकं अधांतरी गेली की दोन्हींचा उपयोग संपला. मग गाडीला जागेवर धरणारं त्या चार घोड्यांशिवाय काही नसतं.

म्हणून एक टोक थोडं उचलायचं, दोन घोड्या लावायच्या आणि जॅक अगदी हळू सोडून गाडी त्यांच्यावर बसवायची. मग दुसरं टोक. हे दुसरं टोक वर जाताना पहिल्या घोड्यांवरची गाडी किंचित मागे-पुढे सरकते आणि घोड्यांचे पाय कलायला लागतात. एका दमात उंच उचलणाऱ्यांचा घात इथे होतो. दोन इंच उचला, उतरून चारही घोड्या पाहा, पुन्हा दोन इंच. ट्रॉली जॅकची चाकं लोखंडी असतात आणि गाडी वर जाताना जॅकला थोडं आत सरकावं लागतं. त्याच्या चाकांखाली खडी आली की सरकणं थांबतं आणि गाडीच ओढली जाते, म्हणून आधी झाडून घ्यावं. उंबऱ्याखालच्या कडेवर घोडी लावायची असेल तर माथ्यात खाच असलेलं लाकूड किंवा जाड रबर ठेवावं. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्यांना खाली चौकट आहे, तिथे काम सोपं. विजेवरच्या गाडीचं अवघड, कारण तिच्या पोटाखाली सगळी बॅटरी पसरलेली असते. कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागा सोडून जॅकचा माथा कुठेही लागता कामा नये. हे पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. बहुतेकांनी ते पिशवीतून काढलेलंही नसतं.

चारही घोड्या लागल्या की गाडीला कमरेने चारही बाजूंनी ढकलून पाहायचं, जॅक अजून जवळ असताना. हलली तर आत्ता हलू दे. हललीच नाही तर चाकं काढायची.

इथून पुढचे दिवस माझ्या मते खरे जोखमीचे. घर दिवाळीचं आहे. पोरं फटाके घेऊन पळताहेत, चेंडू गाडीखाली जातो आणि जो आणायला जातो तो आठ वर्षांचा असतो. गाडीला कुलूप नसेल तर तोच मुलगा स्टिअरिंगवर बसून ब्रेक दाबतो. काही गाड्यांत मागचे ब्रेक ड्रमचे असतात आणि चाक निघालं की ड्रमही सैल होऊन हातात येऊ शकतो. ड्रम निघालेला असताना पेडल दाबलं तर सिलिंडरमधले पिस्टन बाहेर येतात, तेल सांडतं आणि दिवाळीचं बजेट बदलतं. गाडीला कुलूप लावा, चावी घरातल्या मोठ्या माणसाकडे द्या, चार खुर्च्या मांडून दोरी बांधा. शेजाऱ्यांना हसू द्या.

धक्क्यांचाही विचार करावा लागतो, कारण आपण राहतो ती जमीन स्वस्थ नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागोमाग आणखी एक धक्का. नांदेड-परभणीत लोक घराबाहेर आले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. निलंगा तालुक्यातल्या हासोरीकरांनी २०२२ च्या सप्टेंबरात सौम्य धक्क्यांच्या भीतीने रात्री जागवल्या. रुंद पायाच्या, कडक जमिनीवरच्या घोडीला असा लांबचा धक्का सहसा काही करत नाही. आठ विटांच्या चळतीबद्दल मी तसं म्हणणार नाही.

या सगळ्यात अनुभवी मेकॅनिक एक शांत खबरदारी घेतो. काढलेलं चाक तो गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवतो. घोडी गेलीच तर गाडी चाकावर येऊन थांबते, माणसावर नाही. आपल्या बाबतीत चाकं तर हैदराबादला गेलेली. मग स्टेपनी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला आडव्या-उभ्या रचलेल्या चौकोनी लाकडांचा ओटा. इमारत कोसळल्यावर बचाव पथकं ढिगारा तोलून धरतात ते अशाच लाकडांच्या चौकटी रचून. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुठे मिळाले तर त्यांच्याइतकं दमदार काही नाही.

रेल्वेवरून आठवलं. लातूरला पहिली आगगाडी १९११ मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांची. ही रेल्वे उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा मित्र होता चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स. जुलै १९१० मध्ये बोर्नमथच्या विमानमेळ्यात कॅलथ्रॉपच्या डोळ्यांदेखत रोल्सचं विमान कोसळलं आणि तो गेला. कॅलथ्रॉपने मग उरलेल्या आयुष्यातला मोठा काळ आणि पैसा पॅराशूटवर घातला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. पहिल्या महायुद्धात बलूनमधल्या निरीक्षकांना पॅराशूट मिळालं, विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र नाही. वरिष्ठांची "काही होत नसतंय" म्हणायची भाषा इंग्रजी होती, एवढाच फरक. पहिला आधार सुटला तर दुसरा काय, हा प्रश्न लातूरची रेल्वे बांधणाऱ्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी विचारला होता.

इतकं सगळं करूनही माझा सल्ला वेगळाच आहे. आठवडाभर गाडी घोड्यांवर ठेवूच नका. टायरच्या दुकानात जुन्या लोखंडी डिस्क टायरांसकट पडलेल्या असतात. तुमच्या गाडीच्या नटांच्या मापाच्या चार डिस्क अनामत ठेवून मागा, चढवा आणि गाडी स्वतःच्या पायांवर उभी करा. घराबाहेर न्यायची नाही, फक्त उभी राहायची आहे, तेव्हा टायर गुळगुळीत असले तरी चालतात. तेही जमत नसेल तर दोन-दोन चाकं करा. आधी पुढची, ती आली की मागची. एका वेळी एकच टोक वर राहतं, दुसऱ्या टोकाच्या चाकांना पाचर लागते आणि धोका निम्म्याहून खाली येतो. काम आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचं होतं आणि सुट्टी संपते, ही अडचण खरी. मग दुसरी जोडी उन्हाळ्यात करा.

चाकं परत आली की दोन गोष्टी तपासा. नट बसतो त्या खोबणीत आणि हबला टेकणाऱ्या पाठीवर रंगाचा जाड थर असेल तर तो काढायला लावा. तिथला रंग दाबाखाली चुरतो आणि नट आपोआप सैल पडतात. नट फुलीच्या क्रमाने, समोरासमोरचे आवळा, शेवटचा ताण गाडी जमिनीवर आल्यावर द्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. लातूरहून पुण्याला निघालात तर हे काम वाटेतल्या चहाच्या थांब्यावर होतं. आणि घरी गॅसच्या ज्योतीने जुना रंग जाळू नका. अ‍ॅलॉय चाकाला ताकद दिलेली असते ती दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास मुरवून. ज्योतीची आच त्याच्या कितीतरी वर जाते, चाक वरून चकचकीत आणि आतून मऊ होतं.

चार अ‍ॅलॉय नव्यासारखे करून आणायला जे पैसे जातात, त्यांच्या लहानशा हिश्श्यात घोड्यांच्या दोन जोड्या येतात आणि त्या वीस वर्षं टिकतात. प्रत्येक घराने घ्यायलाच हव्यात असं नाही. गल्लीत चार घोड्या असल्या तरी सगळ्यांचं भागतं. पुढच्या खंडेनवमीला पान्यांच्या शेजारी त्याही पूजेला मांडा. यंदा घेणं झालं नाही तर चाकं तशीच खरवडलेली राहू द्या, गाडी त्यांच्यावरही पुण्याला जाते. आणि कोपऱ्यातल्या त्या विटा तुळशीच्या आळ्याला लावून टाका, तुळशीचं लग्न आलंच आहे.